सहा लावल्या, चार दिसल्या: हार्ड डिस्क, ट्राम आणि अलिबागची चुंबकीय वेधशाळा

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा बोटीत बसल्यावर ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय. बाकी जसंच्या तसं.

आपला पॉडकास्ट इतिहासाचा. पण आजची गोष्ट सुरू होते माझ्या खोलीतल्या एका उघड्या कॅबिनेटपासून. तेव्हा पहिली पाच मिनिटं थोडी टेक्निकल जातील. सहन करा, पुढे ट्राम येणार आहे.

मी अलिबागचा. नोकरी सॉफ्टवेअरची, बरंचसं काम घरून, अधूनमधून मांडव्याहून बोटीने मुंबई. गेल्या जूनमध्ये मी घरीच एक स्टोरेज सर्व्हर बांधायला घेतला. जुना डेस्कटॉप, लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं सेकंड हँड कॅबिनेट, त्याच्याबरोबर आलेला जुना एसएमपीएस आणि सहा हार्ड डिस्क. घरातले सगळे फोटो, या पॉडकास्टच्या कच्च्या फाइल्स, वडिलांनी स्कॅन केलेले जमिनीचे कागद, सगळं एका जागी. बाहेर धो धो पाऊस, आत मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेलो. बटण दाबलं. बायोस उघडलं.

सहा डिस्क लावल्या होत्या. चार दिसल्या.

ज्या दोन दिसेनात, त्यातल्या एकीत माझ्या आजीचा आवाज होता. आजी जाण्याआधीच्या वर्षी मी तिच्यासमोर फोन ठेवून अकरा तास रेकॉर्डिंग केलं होतं. तिचं गिरगावातलं लहानपण, लग्न होऊन अलिबागला येणं, ओव्या, माणसांची नावं, भांडणं, सगळं. मग फोन बदलला, फाइल्स एका एक्स्टर्नल डिस्कवर टाकल्या आणि विसरलो. खाऱ्या हवेनं त्या डिस्कचं यूएसबीचं तोंड गंजलं, म्हणून मी वरचा प्लॅस्टिकचा डबा फोडून आतली डिस्क काढली आणि सरळ सर्व्हरला जोडली. आधी आजीच्या फाइल्स उतरवून घ्यायच्या, मग ती डिस्क बाकीच्यांत सामील करायची, असा बेत होता.

दुसरी कॉपी? नव्हती. आईने एकाच वाक्यात विषय संपवला: "लोकांचे सर्व्हर सांभाळतोस ना रे तू?"

पाच टनांचा नाही, पण एक टनाचा तरी

त्या रात्री ती मुकी डिस्क हातात घेऊन बसलो होतो. हार्ड डिस्क म्हणजे शेवटी काय? गुळगुळीत तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर. त्या थरातल्या बारीक बारीक ठिकाणी चुंबकत्वाची दिशा इकडे की तिकडे, एवढंच लिहिलेलं असतं. आजीची ओवी, वडिलांचा सातबारा, सगळं त्याच दोन दिशांत.

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएमने आणली, रॅमॅक नावाच्या मशीनमध्ये. चोवीस इंचांच्या पन्नास तबकड्या, वजन एक टनाच्या आसपास, आणि त्यात मावायची पन्नास लाख अक्षरं. म्हणजे आज आपण व्हॉट्सअॅपवर 'गुड मॉर्निंग' म्हणून पाठवतो तसले काही फोटो. पुढे १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पेटर ग्र्युनबर्ग यांनी वेगवेगळे दाखवून दिलं की काही पातळ थरांचा विद्युतरोध अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्रानेही खूप बदलतो. त्यामुळे फार बारीक अक्षर वाचता येऊ लागलं आणि डिस्कची क्षमता भराभर वाढली. २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना त्यासाठीच मिळालं.

हे सगळं वाचत असताना एकदम डोक्यात आलं: चुंबकत्व मोजून त्याची नोंद ठेवायचं काम तर आपल्या गावात शंभर वर्षांहून जास्त काळ चाललंय. आणि तेही एका 'ट्रबलशूटिंग'मुळेच इथे आलं.

कुलाब्याहून अलिबागला

शाळेत असताना सहल म्हणून आम्हाला चुंबकीय वेधशाळेत नेलं होतं. तेव्हा आमचं सगळं लक्ष डब्यातल्या पुरीभाजीकडे. आज तिचा इतिहास सांगतो.

मुंबईच्या टोकाला कुलाब्यात ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा उभारली ती ताऱ्यांच्या आणि वेळेच्या कामासाठी. तिकडे युरोपात गॉस आणि वेबर या दोघांनी गॉटिंगेनमध्ये बसून एक मोठी कल्पना मांडली होती: पृथ्वीचं चुंबकत्व एका जागी मोजून काही कळणार नाही, जगभर एकाच वेळी मोजलं पाहिजे. त्या लाटेत कंपनीनेही मुंबई, मद्रास, सिमला आणि सिंगापूर इथे चुंबकीय नोंदी सुरू केल्या. मुंबईत हे काम १८४१ मध्ये सुरू झालं. बाकीच्या वेधशाळा एकेक करून बंद पडत गेल्या. कुलाबा टिकलं.

काम कसं चालायचं? धाग्याला टांगलेला चुंबक, तो किती वळला हे डोळ्यांनी बघायचं आणि वहीत लिहायचं. तासातासाला. दिवसा, रात्री, सणावारी. १८७२ पासून फोटोची पद्धत आली: चुंबकाला छोटा आरसा चिकटवलेला, त्यावर दिव्याचा झोत, आणि परावर्तित ठिपका हळूहळू फिरणाऱ्या रिळावरच्या फोटोच्या कागदावर पडतो. चुंबक हलला की रेघ हलते. विचार करा, फिरणारा पृष्ठभाग आणि त्यावर उमटणारं चुंबकत्व! रॅमॅकच्या ८४ वर्षं आधी.

आता ट्राम. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ पासून धावत होती. तिचा चुंबकांना काही त्रास नव्हता, घोड्यांना असेल. पण १९०० च्या सुमारास विजेच्या ट्रामचे बेत पक्के होऊ लागले. विजेच्या ट्राममध्ये करंट वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. सगळाच रुळांतून जात नाही, काही जमिनीत झिरपतो. प्रत्येक ट्राम सुटताना, थांबताना तो करंट कमीजास्त होणार, आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र कुलाब्यातल्या त्या नाजूक चुंबकांना ढकलणार. मग कागदावर पृथ्वी कुठली आणि ट्राम कुठली हे सांगायचं कुणी?

ही अडचण एकट्या मुंबईची नव्हती. टोरांटोच्या वेधशाळेला याच कारणाने १८९८ मध्ये चुंबकं शहराबाहेर हलवावी लागली. लंडनजवळच्या क्यूचं चुंबकीय काम पुढे स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्यूरला गेलं.

कुलाब्याचे संचालक तेव्हा होते नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस. पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेले, मग एडिंबरोला गेलेले. १८९६ मध्ये या पदावर बसलेले पहिले भारतीय. त्यांच्यासमोरचा प्रश्न आपल्या धंद्यातल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. सर्व्हर चालू आहे, सहा दशकांचा डेटा आहे, आणि बाहेरून असा गोंगाट येणार आहे जो आपल्याला थांबवता येणार नाही. हलवावं तर लागणार. पण हलवताना मालिका तुटली तर आधीची साठ वर्षं आणि पुढची सगळी वर्षं एकमेकांशी बोलूच शकणार नाहीत.

जागा ठरली अलिबाग. कुलाब्यापासून साधारण तीस किलोमीटर दक्षिणेला, त्याच किनाऱ्यावर, पण ट्रामच्या पल्ल्याबाहेर. इमारत बांधताना लोखंड वर्ज्य. पोरबंदरचा दगड निवडून, त्यात चुंबकत्व नाही ना हे तपासून वापरला. जिथे धातू लागला तिथे तांबं-पितळ. उपकरणांची खोली अशी झाकलेली की बाहेरच्या दिवसरात्रीचं तापमान आत पोचूच नये, कारण तापमान बदललं की चुंबकाचं वागणं बदलतं.

आणि मूस यांनी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही: अलिबाग १९०४ मध्ये सुरू झालं, तरी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. दोन जागांतला फरक नेमका किती, हे त्यातून कळलं. मगच कुलाब्याचं चुंबकीय काम थांबवलं. विजेची ट्राम रस्त्यावर आली मे १९०७ मध्ये. म्हणजे बिघाड होण्याच्या आधी दुरुस्ती पूर्ण! आमच्या ऑफिसात जुनी सिस्टिम आणि नवी सिस्टिम दोन आठवडे बरोबर चालवा म्हटलं तरी मॅनेजरच्या कपाळाला आठ्या पडतात.

पुढे १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ च्या नोंदी आणि त्यांचा अभ्यास दोन जाडजूड खंडांत छापला. त्यामुळे 'अलिबाग से आया है क्या' असं कुणी हिणवलं तर मी आता शांतपणे 'हो' म्हणतो. जगातल्या सगळ्यात लांब चुंबकीय मालिकांपैकी एक अलिबागहूनच येते.

माझं ट्रबलशूटिंग, म्हणजे काय करू नये

आता परत माझ्या खोलीत या.

मी पहिली चूक केली ती सगळ्यांची आवडती: दोन डिस्क दिसत नाहीत, म्हणजे कारण एकच असणार असं धरून चाललो. त्यातली आजीची डिस्क काढली, ज्या पोर्टवर दुसरी डिस्क नीट चालत होती तिथली डेटा केबल तिला लावली. दिसली नाही. झालं, माझा निष्कर्ष तयार: डिस्क मेल्या. दोन्ही. दुसरीला मी त्या पोर्टवर लावूनसुद्धा बघितलं नाही.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, "फॉरमॅट मारून बघ." मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा आणि कधीच ऐकू नका. डिस्क वाचता येत नसेल तर कॉम्प्युटर कधी कधी स्वतःच विचारतो, 'इनिशिअलाइज करू का?' आत काही हवं असेल तर उत्तर नाही, नाही आणि नाही.

तीन रात्री अशाच गेल्या. चौथ्या दिवशी मूस यांच्याबद्दल वाचत होतो आणि लाज वाटली. त्या माणसाने तीस किलोमीटरच्या अंतराचा हिशेब करायला दोन वर्षं दोन्ही यंत्रं चालू ठेवली, आणि मी दुसरी डिस्क तपासायचे दोन मिनिटांचे कष्ट घेतले नव्हते. वही काढली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं, काय दिसलं ते लिहायचं.

पहिली नोंद: सर्व्हर चालू असताना प्रत्येक डिस्कच्या कडेला अलगद बोट. पाचवी थरथरतेय, म्हणजे फिरतेय. सहावी, आजीची, थंड आणि गप्प. इथेच कळायला हवं होतं की हे दोन वेगवेगळे आजार आहेत.

पाचवी डिस्क चालू पोर्टवर लावली. लगेच दिसली. म्हणजे डिस्क ठीक, पाचव्या पोर्टमध्ये गडबड. मदरबोर्डचं मॅन्युअल उघडलं. त्यात एका तळटीपेत लिहिलेलं: एम डॉट टूच्या खाचेत एसएसडी बसवलीत तर पाचवा साटा पोर्ट बंद राहील. मी ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तिथेच एसएसडी लावली होती. दोघांना जाणारी वाट एकच, म्हणून बोर्डने एकाला थांबवलं. एसएसडी दुसऱ्या खाचेत सरकवली, पाचवी डिस्क जागी झाली.

आता सहावी. ती फिरतच नव्हती, म्हणजे प्रश्न डेटाचा नव्हता, वीजपुरवठ्याचा होता. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये पंधरा पिना असतात. पहिल्या तीन ३.३ व्होल्टसाठी राखलेल्या. वर्षानुवर्षं त्या पिना डिस्क वापरतच नव्हत्या, पण जुने एसएमपीएस तिथे इमानाने ३.३ व्होल्ट देत राहिले. मग २०१६ च्या नव्या साटा नियमांत तिसऱ्या पिनेला वेगळंच काम दिलं गेलं: तिच्यावर व्होल्टेज आलं की डिस्कने झोपून जायचं. मोठ्या डेटा सेंटरमध्ये अडकलेली डिस्क दुरून बंद करून चालू करता यावी म्हणून. काही एक्स्टर्नल डब्यांमधल्या डिस्कही याच नव्या जातीच्या असतात. डब्यात असताना त्रास होत नाही. जुन्या एसएमपीएसला जोडली की तो म्हणतो 'घे वीज', डिस्कला ऐकू येतं 'झोप'. आणि ती झोपते. कायमची.

इथे मला ट्राम आठवली. एसएमपीएसचं काही चुकलं नव्हतं. डिस्कचंही काही चुकलं नव्हतं. कुलाब्याच्या चुंबकाचं काही चुकलं नव्हतं आणि लोकांना कामावर वेळेत पोचवणाऱ्या ट्रामचंही नाही. दोन नीट चालणाऱ्या गोष्टी एका तारेवर आल्या, एवढंच.

उपाय स्वस्तातला. कॅप्टन टेप नावाची पिवळसर, उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी पट्टी मिळते. तिचा तांदळाएवढा तुकडा डिस्कच्या तिसऱ्या पिनेवर चिकटवला. मॉलेक्सवरून साटा करणारं अॅडॉप्टर लावूनही काम होतं, कारण त्यात ३.३ व्होल्टची तार नसते. पण हलक्या प्रतीची, साच्यात ओतलेली अॅडॉप्टरं तापून जळाल्याचे प्रकार झालेत, म्हणून मी टेपच बरी मानली. आणखी एक सांगतो: एका एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या केबली दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. कनेक्टर बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग डिस्क खरोखरच मरते.

बटण दाबलं. कडेला बोट ठेवलं. आधी काहीच नाही. मग एक हलकी थरथर, आणि तो ओळखीचा बारीक सूर. सहावी दिसली. अजून एक धाकधूक होती: काही डब्यांमधला यूएसबीचा बोर्ड डेटा कुलूपबंद करून लिहितो, तसं असेल तर नुसती डिस्क वाचून उपयोग नाही. नशिबाने तसं नव्हतं. डिस्क फक्त वाचण्यासाठी जोडली आणि दुसरं काहीही करण्याआधी अकरा तासांच्या फाइल्स दोन ठिकाणी उतरवल्या.

दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं

इतिहासाचा पॉडकास्ट आहे, तर शेवटची गोष्ट इतिहासातली.

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलप्रेमी सूर्यावरचे डाग बघत असताना त्याला प्रखर प्रकाशाचा भपका दिसला. त्यानंतर दिवसही पूर्ण व्हायच्या आत पृथ्वीवर जबरदस्त चुंबकीय वादळ आलं. अनेक ठिकाणी तारायंत्रं बिघडली, एरवी ध्रुवाकडे दिसणारा प्रकाश उष्ण प्रदेशातल्या लोकांनी पाहिला. लंडनच्या वेधशाळांत तेव्हा फोटोची पद्धत होती, पण चुंबक इतका हलला की रेघ कागदाच्या बाहेरच गेली. कुलाब्यात मात्र अजून माणसं डोळ्यांनी वाचून हातांनी लिहीत होती. वादळ दिसल्यावर त्यांनी तासाची वाट बघितली नाही, थोड्या थोड्या मिनिटांनी वाचत राहिले. २ सप्टेंबरला मुंबईत दुपार व्हायच्या आधी क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळलं. ते त्यांनी टिपलं.

आणि मग? नोंद छापली गेली, खंड कपाटात गेला. त्या आकड्याचं महत्त्व जगाला कळलं २००३ मध्ये. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी कुलाब्याची ती नोंद पुन्हा वाचली आणि दाखवलं की त्या वादळाची ताकद मोजायला हाच आधार आहे. १४४ वर्षं डेटा जागेवर होता. डिस्क जिवंत होती, कुणी वाचत नव्हतं, एवढंच.

१६०० म्हणजे किती, हे आत्ताच्या आत्ता कळेल. फोनमध्ये मॅग्नेटोमीटर दाखवणारं एखादं अॅप उघडा. अलिबागेत आकडा चाळीस मायक्रोटेस्लाच्या थोडा वर येईल. त्यातले १.६ अचानक गेले, असं समजा. छोटं वाटतं ना? मार्च १९८९ चं वादळ याहून बरंच लहान होतं, तरी कॅनडातल्या क्विबेकमध्ये साठ लाख लोकांची वीज नऊ तास गेली. मे २०२४ मध्ये लडाखच्या हान्लेहून लाल आकाशाचे फोटो आले, ते तुम्ही फॉरवर्ड केलेच असतील. तेव्हाही अलिबागच्या त्या दगडी इमारतींच्या आवारात नोंद चालूच होती.

मी आता काय करतो ते सांगून थांबतो. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या तीन कॉपी, त्यातली एक पुण्याला मावशीकडे. एक डिस्क गेली तरी बाकीच्या निभावून नेतात, अशी रेड नावाची सोय सर्व्हरमध्ये आहे, पण ती बॅकअप नाही; चुकून पुसलं तर सगळीकडूनच पुसलं जातं. आणि महिन्यातून एकदा सर्व्हर सगळा डेटा वाचून तपासतो. मीही महिन्यातून एकदा आजीची एक फाइल ऐकतो, फाइल ठीक आहे का बघायला. म्हणजे, कारण तेच सांगतो घरी.

परवा जी लागली त्यात आजी गिरगावातल्या ट्रामबद्दल बोलत होती. मुंबईतली ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, त्याआधीची आठवण. कोपऱ्यावर वळताना चाकं कशी किंचाळायची, त्याची नक्कल करून दाखवली होती तिने. मागे स्वयंपाकघरातून आईचा हसण्याचा आवाज येतो. यावेळी आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "पुन्हा लाव."

तुमच्या घरात कपाटाच्या वरच्या खणात एखादी जुनी डिस्क पडली असेल तर या रविवारी काढा. फॉरमॅट मारू नका. आधी बोट ठेवून बघा, फिरतेय का.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!